स्थलांतरित कवयित्री वाचायच्यात, सुरुवात कुठून करू?

रात्रवाचक: वॉर्सन शायरची 'होम' ही कविता वाचली आणि दोन दिवस झाले डोक्यातून जातच नाहीये. आईवडील सोमाली, जन्म केनियातला, वाढली लंडनमध्ये. अशा अजून कोण आहेत? एक अडचण पण आहे, या कवितांत मधेच त्यांच्या घरच्या भाषेतले शब्द येतात, अर्थ दिलेला नसतो आणि मी तिथेच अडकते. शोधत बसायचं की सोडून पुढे जायचं?

शाईचाडाग: आधी सुजाता भट्ट वाच. जन्म अहमदाबादचा, लहानपण पुण्यात, मग १९६८ मध्ये घरच्यांबरोबर अमेरिकेत. 'सर्च फॉर माय टंग' (टंग म्हणजे जीभ, आणि भाषाही) या कवितेत ती विचारते की तोंडात दोन जिभा असत्या आणि पहिली हरवली तर काय केलं असतंस? तिला वाटतं आपली मातृभाषा तोंडातच सडली, थुंकून टाकली, पण रात्री स्वप्नात ती परत कोंब फुटल्यासारखी उगवते आणि बरोब्बर तिथेच गुजराती ओळी येतात, गुजराती लिपीतच. इंग्रजी वाचणारा तिथे थबकतो ना, ते थबकणंच तर कविता आहे! म्हणून माझं मत, पहिल्या वाचनात काही शोधू नकोस, मोठ्याने वाच.

उलटपान: सगळीकडे हे चालत नाही हां. सोलमाझ शरीफचं 'लुक' (२०१६) हे कवितांचं पुस्तक घे. कुटुंब इराणी, जन्म इस्तंबूलचा, राहते अमेरिकेत. तिने अमेरिकन संरक्षण खात्याच्या डिक्शनरीतले शब्द उचलून प्रेमाच्या, घरच्या ओळींत पेरलेत, छोट्या कॅपिटल अक्षरांत. 'लुक' म्हणजे नुसतं बघ नाही, सुरुंगाचं सर्किट ज्या वेळात बाहेरचा परिणाम टिपायला तयार असतं तो काळ. हे कळल्यावर मी पहिल्या पानावर परत गेलो आणि अक्षरशः काटा आला अंगावर. इथे परका शब्द आईचा नाहीये, सरकारचा आहे, तो शोधायलाच हवा.

शाईचाडाग: हो, हे पटलं. भानू कपिलचं 'हाऊ टू वॉश अ हार्ट' पण वाच, परक्याच्या घरी पाहुणी म्हणून राहणारी स्थलांतरित बाई, यजमानीण चांगली वागते तरी जीव गुदमरतो. २०२० चं टी. एस. एलियट प्राइझ मिळालंय त्याला.

रात्रवाचक: भट्टची आत्ताच वाचली, मोठ्याने. गुजराती अक्षरं बरीचशी ओळखीची, फक्त डोक्यावरची रेघ नाही, त्यामुळे चाचपडत चाचपडत वाचली आणि 'जीभ' हा शब्द लागला तेव्हा इतकं भरून आलं की पुढची ओळ वाचताच येईना. शरीफ उद्यापासून.