व्यसनमुक्तीच्या उपचारांनंतर कामावर परतणाऱ्या सहकाऱ्याला सुरक्षिततेला धक्का न लावता कसे सांभाळून घ्यावे?

पाळीप्रमुख (प्रश्न)

नमस्कार. मी एका कारखान्यात देखभाल विभागाचा पाळीप्रमुख आहे. आमचा एक अनुभवी फिटर दारूच्या व्यसनावर उपचार घेऊन लवकरच कामावर रुजू होत आहे. कामात त्याचा हात धरणारा आमच्याकडे कोणी नाही; पण ते काम म्हणजे उंचावर चढणे, क्रेनच्या आसपास वावरणे आणि वीज तोडून, खटक्याला स्वतःचे कुलूप व नावाची पाटी लावून यंत्राच्या आत शिरणे. रजेचे खरे कारण मला आणि मनुष्यबळ विभागातील एकाच व्यक्तीला माहीत असले, तरी कुजबुज सुरू झाली आहे. एका वरिष्ठांच्या मते, काहीच घडले नाही असे समजून त्याला पहिल्या दिवसापासून पूर्वीचेच काम द्यावे. दुसऱ्यांचे म्हणणे असे, की त्याला वर्षभर भांडारात बसवावे आणि रोज फाटकावर त्याची श्वासचाचणी घ्यावी. मला दोन्ही पटत नाही. त्याला चारचौघांत उघडे पाडायचे नाही आणि कोणाच्या जिवाशी खेळही होऊ द्यायचा नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

सुरक्षा अधिकारी

आपल्या दोन्ही वरिष्ठांनी दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केली आहे, असे मला वाटते. सुरक्षिततेचा नियम कामाला आणि त्या दिवशीच्या माणसाच्या अवस्थेला लागू होतो, त्याच्या पूर्वेतिहासाला नव्हे. आधार मात्र त्या एका माणसाला द्यायचा असतो आणि तो खासगीतच द्यायचा असतो.

रक्तातील दारू यकृत आपल्या ठरावीक गतीनेच कमी करते. ही गती दर १०० मिलिलिटर रक्तामागे ताशी साधारण १५ मिलिग्रॅम असते. कॉफीने किंवा गार पाण्याच्या अंघोळीने ती वाढत नाही. म्हणून ज्याला कोणी कधी व्यसनी म्हटले नाही, पण जो आदल्या रात्री उशिरापर्यंत भरपूर प्यायला, तो सकाळच्या पाळीला अंगात दारू घेऊन क्रेनवर चढू शकतो. फाटकावर एकट्या फिटरला बाजूला घेऊन चाचणी केली, तर त्याचा अपमान होईल आणि हा दुसरा माणूस सहीसलामत आत जाईल. चाचणी ठेवायचीच असेल, तर जोखमीच्या प्रत्येक कामावरील सर्वांसाठी, अधिकाऱ्यांसकट ठेवावी, आणि तिचे निकाल कोण पाहणार हे आधीच लेखी ठरवावे. झोप न झालेला किंवा गुंगी आणणारे सर्दीचे औषध घेतलेला कामगारही याच नियमाखाली आला पाहिजे.

भांडाराचा पर्याय वरकरणी सौम्य दिसतो, पण तो मला सर्वांत घातक वाटतो. कुशल कामगाराचे कौशल्य काढून घेतलेले बाकीचे सर्व जण पाहतात, आणि ज्या कोणाला उद्या मदत मागायची असेल तो गप्प बसणे पसंत करतो. लपवलेले व्यसनच यंत्राजवळ जीव घेते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९६ सालच्या आचारसंहितेतही दारू आणि अमली पदार्थांच्या समस्या इतर आजारांप्रमाणेच, भेदभाव न करता हाताळाव्यात आणि शिक्षेपेक्षा समुपदेशन व उपचारांना प्राधान्य द्यावे, असे म्हटले आहे.

प्रत्यक्षात सुरुवातीचे काही आठवडे त्याला जमिनीवरची दुरुस्ती आणि जुळणीची कामे द्यावीत, दुहेरी पाळी टाळावी, आणि उंचीवरचे काम वैद्यकीय तपासणीनंतर टप्प्याटप्प्याने सुरू करावे. हे किती काळ चालेल, याची तारीख पहिल्याच दिवशी त्याच्या हाती असावी. मुदत न सांगितलेले बंधन माणसाला शिक्षेसारखेच वाटते.

एक व्यसनमुक्त सहकारी

मी त्या फिटरच्या जागी होतो, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो. रुजू होण्याआधी माझ्या साहेबांनी मला एकट्याला बोलावून विचारले, ‘लोकांनी विचारले तर मी काय सांगू?’ त्या एका प्रश्नाने माझ्या मनावरचे मोठे ओझे उतरले. ‘आजारी होता, आता बरा आहे’ एवढे उत्तर आम्ही ठरवले आणि त्यांनी ते शेवटपर्यंत पाळले. आपणही हे त्याला विचारावे, स्वतः ठरवू नये. पाळी सुरू होताना सर्वांसमोर त्याचे अभिनंदनही कृपया करू नका.

स्वमदत गटांत आम्हाला चार गोष्टींपासून जपायला शिकवतात: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. रात्रपाळीत या चारही एकदम गाठतात. शिवाय पाळी दर आठवड्याला बदलत राहिली, तर समुपदेशकाची वेळ आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सभा, दोन्ही हुकतात. दोन व्यसनग्रस्त माणसांनी एकमेकांना आधार देण्यातून १९३५ साली सुरू झालेल्या त्या चळवळीचा सारा जीव नियमित भेटण्यात आहे. शक्य असेल तर सुरुवातीला त्याची पाळी स्थिर ठेवा. मला सर्वांत जास्त उपयोग याच गोष्टीचा झाला.

कारखाना वैद्यकीय अधिकारी

औषधांबाबत दोन गोष्टींकडे लक्ष वेधतो. रुग्ण डायसल्फिराम (दारूपासून दूर राहण्यासाठी दिली जाणारी गोळी) घेत असेल, तर दारूचा अल्प अंशही त्याला सोसत नाही. चेहरा लाल होणे, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब घसरणे असे त्रास होतात, आणि गोळी थांबवल्यानंतरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. बंद जागेत अल्कोहोलयुक्त द्रावकाने सुटे भाग पुसण्याचे काम अशा कामगाराला देऊ नये, आणि हात धुण्यासाठी त्याला साबण-पाणी उपलब्ध असावे. (या रसायनाचा गुण प्रथम लक्षात आला तोही कारखान्यातच: रबर उद्योगात त्याच्या संपर्कात येणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही, अशी नोंद तेथील एका वैद्यकीय अधिकाऱ्याने १९३७ साली केली होती.) नालट्रेक्सोन (दारूची ओढ कमी करणारे औषध) घेणाऱ्याला अपघात झाला, तर अफूजन्य वेदनाशामके त्याच्यावर नीट काम करत नाहीत, म्हणून औषधाची चिठ्ठी त्याने खिशात बाळगावी. कोणते औषध चालू आहे, हे पाळीप्रमुखांनी त्याला विचारू नये. ‘हे काम याला चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ एवढेच आम्ही त्यांना कळवतो.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. नवे धोरण जाहीर होताच, रोज पिणारे काही जण भीतीपोटी दारू एकाएकी बंद करतात. अशा व्यक्तीचे हात काही तासांतच थरथरू लागतात आणि पहिल्या दोन दिवसांत तिला आकडी (फिट) येऊ शकते, तीही श्वासचाचणी पूर्ण स्वच्छ असताना. म्हणून सूचनाफलकावर हेही ठळकपणे लिहा, की दारू सोडायची असेल तर आधी डॉक्टरांना भेटा आणि असे भेटल्याने नोकरी जाणार नाही.

पाळीप्रमुख

सर्वांचा आभारी आहे. द्रावकाचा मुद्दा माझ्या ध्यानातही आला नसता, कारण बेअरिंग पुसण्याचे काम ‘हलके’ म्हणून मी त्यालाच देणार होतो. एक शंका उरते. तो पुन्हा पिऊन कामावर आला, तर काय करावे?

सुरक्षा अधिकारी

त्याचे उत्तर आजच, त्याच्यासोबत बसून लेखी ठरवा. त्या दिवशी त्याला यंत्राजवळ जाऊ देऊ नये, आपल्याबरोबर आणखी एक साक्षीदार ठेवावा, जे दिसले तेवढेच नोंदवावे (चालताना तोल जाणे, बोलणे अडखळणे), वाद घालू नये, आणि स्वतःच्या दुचाकीवरून त्याला एकट्याने घरी पाठवू नये. बोलणी तो शुद्धीवर असताना दुसऱ्या दिवशी करावीत, आणि त्यात प्रथम त्याच्या डॉक्टरांना सामील करून घ्यावे. पुन्हा पिणे हा या आजारात अपेक्षित धोका आहे. त्याने कोणालाही इजा होण्याआधी स्वतःहून फोन करून ‘आज मी कामावर येण्याच्या अवस्थेत नाही’ असे कळवले, तर ती रजा शिस्तभंगात धरली जाणार नाही, हे वाक्य करारात अवश्य घाला. मात्र हेतुपुरस्सर कुलूप तोडणे किंवा नशेत क्रेन चालवणे यांसाठी जी कारवाई इतर कोणावर झाली असती, तीच त्याच्यावरही होईल, हेही त्याच कागदावर असू द्या.