रिकेल्मे वाया गेला म्हणणाऱ्यांसाठी

निवांत दहा: काल मित्रांत विषय निघाला आणि एकाने अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू हुआन रोमान रिकेल्मेला 'वाया गेलेला खेळाडू' म्हटलं. डोकंच फिरलं. अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्स क्लबकडून ३ कोपा लिबेर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतली क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा (२०००, २००१, २००७). २००८ ला बीजिंगमध्ये ऑलिंपिक सुवर्ण. २००० साली टोकियोत बोकाने रेआल माद्रिदला २-१ हरवलं, दोन्ही गोल पालेर्मोचे. पण दुसऱ्याच्या आधीचा तो लांबलचक पास रिकेल्मेचाच ना? पुढे बार्सिलोनात प्रशिक्षक व्हॅन गालने त्याला नेऊन विंगेवर उभं केलं. सतारियाला तबल्यावर बसवायचं आणि वर हाताला वजन नाही म्हणायचं!

रोखठोक: सतार राहू द्या. २५ एप्रिल २००६. चॅम्पियन्स लीगची सेमी, रिकेल्मेचा स्पॅनिश क्लब विलारेआल विरुद्ध आर्सेनल. पहिला सामना १-० ने गमावलेला, दुसरा ०-० वर, शेवटची मिनिटं आणि पेनल्टी. मारणार साहेब. आर्सेनलचा गोलकीपर लेमनने अडवली. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजले होते, मी टीव्ही बंद करून अंधारात बसून होतो. तुमच्या दहा नंबरने तेवढं एक काम करायला हवं होतं.

निवांत दहा: विलारेआल म्हणजे पन्नासेक हजार वस्तीचं गाव, पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीग खेळत होतं. त्यांना सेमीपर्यंत आणलं कोणी, तेही सांगा.

बाकावरचा: त्याच वर्षीच्या वर्ल्डकपचं बोला की. बर्लिन, क्वार्टर फायनल, अर्जेंटिना विरुद्ध जर्मनी. रिकेल्मेचा कॉर्नर, आयालाचं हेडर, १-०. ७२व्या मिनिटाला अर्जेंटिनाचे प्रशिक्षक पेकरमान यांनी रिकेल्मेला काढून काम्बियासोला उतरवलं. ८०व्या मिनिटाला जर्मनीच्या क्लोजेचा गोल, १-१. पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये घरी. चेंडू पायात धरून ठेवणारा एकच माणूस होता, तोच बाहेर. (मेस्सी तर शेवटपर्यंत बाकावरच. असो, ती जखम वेगळी.)

रोखठोक: हेच तर म्हणतोय! तो नसला की संघ ठप्प, कारण तो असताना सगळं त्याच्याच पायातून जाणार. आणि रुसवे किती? २००६ ला राष्ट्रीय संघ सोडला, मग परतला. २००९ ला राष्ट्रीय प्रशिक्षक माराडोनाशी बिनसलं, पुन्हा सोडला. २०१२ ला ब्राझीलच्या कोरिंथियन्सविरुद्ध लिबेर्तादोरेसची फायनल हरले की बोकालाही रामराम, पुढच्या वर्षी परत हजर. अधिक महिन्यातला जावई बरा.

बाकावरचा: जावयाचे लाड का होत होते? २००७ ची लिबेर्तादोरेस फायनल, ब्राझीलच्या ग्रेमियोविरुद्ध दोन सामने मिळून ५-० आणि त्यातले ३ गोल त्याचे. मी असतो तर मीही मनधरणीला गेलो असतो.

निवांत दहा: रुसव्यामागे कारणंही असायची. २००१ ला बोकाचा कट्टर प्रतिस्पर्धी रिव्हर प्लेटविरुद्ध त्याची पेनल्टी अडवली गेली (घ्या रोखठोक, तुमच्यासाठी अजून एक), पण परत आलेला चेंडू त्याने डोक्याने आत घातला. मग कानांमागे पंजे धरून बोकाचे तेव्हाचे अध्यक्ष माक्री यांच्या कक्षासमोर उभा राहिला. वाद पैशांचा होता. २०२३ मध्ये त्याच माक्रीच्या गटाला निवडणुकीत पाडून स्वतः बोकाचा अध्यक्ष झाला.

रोखठोक: आणि आता प्रशिक्षक बदलतोय, व्हॅन गाल बरा वाटेल इतके. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.