मुलाला व्हिडिओ गेम कधीपासून द्यावा? रविवारपर्यंत ठरवायचंय, मदत हवी आहे

रंकाळावासी | मंगळवार, रात्री १०:४८

नमस्कार. घाईत लिहितेय. मुलाला व्हिडिओ गेम द्यायचा का, आणि द्यायचा तर कुठल्या वयापासून, यावर घरात रोज वाद चाललेत. नवरा म्हणतो देऊया, सासूबाई म्हणतात डोळे जातील, मी मधे. नेटवर शोधलं तर प्रत्येकाचं वेगळंच. ‘मुलामुलावर अवलंबून असतं’ असं उत्तर कृपया नको, ते मलाही कळतं. रविवारी हो की नाही ते सांगायचंय. कोल्हापुरातल्या कुणाचा अनुभव असेल तर फारच बरं.

स्वल्पविराम | मंगळवार, रात्री १०:५५

मुलाचं वय?

शंभर_नंबरी | मंगळवार, रात्री ११:०२

ताई, बीजीएमआय (पबजीचाच भारतातला अवतार, फोनवरचा गोळीबाराचा गेम) असेल तर त्यात १८ च्या आतल्यांना पालकांची परवानगी लागते आणि दिवसाला तीन तासांची मर्यादा असते. पण पोरं बापाच्या नंबरवरून ओटीपी घेतात आणि मोकळी होतात. पबजी २०२० मध्ये बंद झाला, फ्री फायर २०२२ मध्ये, तरी पोरं काहीतरी शोधतातच. दहावीचं वर्ष असेल तर सरळ फोन काढून घ्या आणि साधा बटणांचा द्या. आमच्या भाच्याला तसंच केलं, ७८ टक्के पडले.

रंकाळावासी | मंगळवार, रात्री ११:०९

दहावी कुठून आली मधेच? मोठ्या गटात आहे तो.

शंभर_नंबरी | मंगळवार, रात्री ११:११

मोठा गट म्हणजे केजी का? मग तसं लिहायचं की.

पेठेतला_गोली | मंगळवार, रात्री ११:२०

काय वैनी, कोल्हापुरात राहून पोराला गेम? बॉल द्या हातात. आमच्या पेठेत पोरगं चालायला लागलं की लाथ मारायला शिकतंय. संध्याकाळी गांधी मैदानावर आणून सोडा, दोन तासांनी घिऊन जावा, रात्री गेमची आठवण पण येणार न्हाई. विषय संपला.

रंकाळावासी | मंगळवार, रात्री ११:२६

जुलै आहे भाऊ. गांधी मैदानाचं तळं झालंय, जाऊन बघा.

पेठेतला_गोली | मंगळवार, रात्री ११:२८

चिखलातच खरी मजा हाय.

एकच_कप_चहा | बुधवार, सकाळी ७:१५

स्पष्ट बोलते, राग मानू नका. सात वर्षांपर्यंत कुठलीच स्क्रीन नको, हे माझं ठाम मत. आमच्याकडे टीव्हीसुद्धा नाही. मुलीला गोष्टी, चित्रकला आणि अबॅकस. जागतिक आरोग्य संघटनेनंही गेमिंग हा आजार म्हणून जाहीर केलाय. आपण आपल्या सोयीसाठी मुलांच्या हातात यंत्र देतो आणि नंतर समुपदेशक शोधत बसतो. क्लासची माहिती हवी असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

स्वल्पविराम | बुधवार, सकाळी ८:४०

थोडी दुरुस्ती. खेळणं हा आजार म्हणून जाहीर झालेला नाही. ‘गेमिंग डिसऑर्डर’ हे निदान रोगांच्या नव्या वर्गीकरणात आलंय, २०२२ पासून ते लागू आहे. त्यासाठी खेळावरचा ताबा सुटलेला असावा लागतो, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ झालेला असावा लागतो, नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच असावं लागतं, आणि हे सगळं साधारण वर्षभर टिकलेलं असावं लागतं. मोठ्या गटातल्या मुलाला ते चिकटवू नका.

रंकाळावासी, आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची, म्हणजे इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सची, शिफारस अशी: दोन वर्षांच्या आत स्क्रीन नाही, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली, पाच ते दहा वर्षांत दोन तासांच्या आत. हे सगळ्या स्क्रीन मिळून आहे. टीव्ही, फोन, गेम वेगवेगळे मोजायचे नाहीत. म्हणून विचारतो, पाच पूर्ण झाली का? गेम कशावर खेळणार? आणि आत्ता दिवसभरात किती बघतो? हे कळल्याशिवाय कुणीही काहीही सांगेल, वर सांगतायतच.

रंकाळावासी | बुधवार, दुपारी १:३०

जूनमध्ये पाच झाली. दीर दुबईला असतात, ते पुढच्या आठवड्यात येणार आहेत. पुतण्यासाठी निन्टेन्डो स्विच (हातात धरून किंवा टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) आणू का, असं विचारतायत. रविवारी ते खरेदीला जाणार, म्हणून घाई. आत्ता तो गेम वगैरे खेळत नाही. फोन फक्त जेवताना.

स्वल्पविराम | बुधवार, दुपारी १:३४

‘फक्त जेवताना’ म्हणजे किती वेळ?

गेमर_बाबा | बुधवार, दुपारी २:०५

अहो, स्विच हे आधी सांगायचं ना! बिनधास्त आणायला सांगा. आमचा मोठा साडेचारचा असताना मारिओ कार्टवर, म्हणजे गाड्यांच्या शर्यतीच्या गेमवर, सुरू केला. त्यात ‘स्मार्ट स्टिअरिंग’ असतं, गाडी रस्त्याबाहेर जातच नाही. आपोआप वेग घेण्याची सोयही असते, मूल नुसतं डावं-उजवं करतं. कंट्रोलरचे दोन भाग सुटे होतात, एक त्याला आणि एक तुम्हाला, दुसरा विकत घ्यायला नको. युरोपच्या वयोगटाप्रमाणे हा खेळ ३ वर्षांपासून चालतो, माइनक्राफ्ट (ठोकळ्यांनी बांधकाम करायचा खेळ) ७ पासून. डब्यावर तो आकडा असतो, दिरांना तो बघून घ्यायला सांगा.

मुख्य मुद्दा वेगळाच आहे. खेळ संपणारा हवा. मारिओ कार्टची एक शर्यत दोन-तीन मिनिटांत संपते. ‘आणखी दोन शर्यती आणि बंद’ हे पाच वर्षांच्या मुलाला कळतं. ‘आणखी दहा मिनिटं’ कळत नाही, त्याला घड्याळ कुठे वाचता येतंय? माइनक्राफ्टला शेवटच नाही, बांधकाम अर्धं असताना बंद केलं की रडारड ठरलेली. फोनवरचे फुकटचे गेम सगळ्यात वाईट. दर मिनिटाला जाहिरात, आणि जाहिरातीतला गेम मूळ गेमपेक्षा भडक.

एकच_कप_चहा | बुधवार, दुपारी २:२०

साडेचाराव्या वर्षी? आणि अभिमानानं सांगताय?

गेमर_बाबा | बुधवार, दुपारी २:२३

हो. आता नऊचा आहे, पोहतो, वाचतो, भांडतो. अबॅकस तेवढा येत नाही.

जुनाट_पण_सुंदर | बुधवार, दुपारी ३:१०

आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा गेम असायचा, कॅसेटवर लिहिलेलं ‘९९९९ इन १’ आणि आत निघायचे सगळे मिळून वीसेक, तेच तेच फिरून. कॅसेट चालली नाही की तोंडाने फुंकर मारून पुन्हा घालायची. त्या फुंकरीनं काही होत नव्हतं हे नंतर कळलं, पण तेव्हा गल्लीतला प्रत्येकजण तज्ज्ञ. बदकं मारायची बंदूक कुणाकडे होती का? आमची जत्रेत घेतली होती.

पेठेतला_गोली | बुधवार, दुपारी ३:१८

होती की! टीव्हीच्या काचेला टेकवून मारायचो, एक बी बदक सुटायचं न्हाई.

आजी_ऑनलाईन | बुधवार, संध्याकाळी ५:४५

बाळ, मी तुझ्या सासूच्या वयाची. ‘फक्त जेवताना’ हे उत्तर मी ओळखते, आमच्याकडेही तेच चालायचं. नातू फोनशिवाय घास घेईना. मी भाकरी कुस्करून, दूध घालून वाटी त्याच्याच हातात दिली आणि फोन देव्हाऱ्याच्या वर ठेवला. चार दिवस अर्धपोटी उठला, मग खायला लागला. जेवणाचा फोन आधी सोडव, गेमचं नंतर बघ. सासूबाईंनी डोळ्यांचं काढलंय ना? मग जेवताना फोन कोण देतं, हे त्यांनाच विचार, पण गोडीनं.

रंकाळावासी | बुधवार, रात्री ९:५०

आजी, फोन त्याच देतात. 😐

स्वल्पविराम, सकाळी वीस-पंचवीस मिनिटं, दुपारी किती ते मला कळत नाही, मी ऑफिसात असते. रात्री अर्धा तास. आणि एक राहिलं. शाहूपुरीत जाऊबाईंचा मोठा मुलगा आहे, सातवीतला. तो टीव्हीवर गोळीबाराचा गेम खेळतो आणि आमचा त्याच्या शेजारी बंद पडलेला कंट्रोलर धरून बसतो. त्याला वाटतं आपणच खेळतोय. घरी आल्यावर सोफ्यामागून ‘हेडशॉट’ ओरडतो. नवरा म्हणतो, असं बघण्यापेक्षा त्याच्या वयाचा गेम दिलेला बरा. हे मला पटतंही आणि नाहीही.

स्वल्पविराम | बुधवार, रात्री १०:३०

हे सगळं पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. असो.

नवऱ्याचा मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. नवा गेम आला म्हणून शाहूपुरीतलं बघणं आपोआप थांबणार नाही, ते जाऊबाईंशी बोलूनच थांबेल. धाकटा आला की मोठ्याने दुसरा खेळ लावायचा, एवढंच मागा. बारा वर्षांच्या मुलाला ‘तू याला शिकव’ म्हटलं की तो ऐकतो.

आता वयाचं. पाचला चालेल, असं माझं मत. पण आधी या आठवड्यात घरीच बघा. त्याच्याशी सापशिडी खेळा, मुद्दाम हरू नका. नव्व्याण्णववरून सापानं खाली आणल्यावर काय करतो? चिडला, रडला तरी हरकत नाही, पुन्हा फासे उचलतो का ते बघा. दुसरं म्हणजे, आवडीचं काहीही चालू असताना ‘आता बस’ म्हटल्यावर किती वेळात परततो? तिसरं, सोफ्यामागचा हेडशॉट खोटा आहे हे त्याला माहीत आहे का? विचारा, मुलं सांगतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं त्याच्याबद्दल नाहीच: शेजारी बसून खेळायला घरात कोण आहे? दुपारी जसा फोन दिला जातो तसाच हा दिला जाणार असेल, तर स्विच आणू नका. कुणाला घरी फिट येण्याचा त्रास असेल, तर चमकत्या चित्रांबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

डोळ्यांचं: सासूबाई अगदीच चूक नाहीत. मुलं दिवसाउजेडी बाहेर जितकी जास्त असतील तितका लघुदृष्टीचा चष्मा लांबतो, हे अभ्यासांतून दिसलंय. त्यामुळे गोलीभाऊंचं मैदानही हवं. हातात धरून खेळण्यापेक्षा टीव्हीला जोडून, लांब बसून खेळवा.

पेठेतला_गोली | बुधवार, रात्री १०:३६

बघा! मी सुरुवातीलाच सांगितलं हुतं.

शंभर_नंबरी | बुधवार, रात्री १०:४१

मैदान कसलं, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३४ फुटांवर गेलंय म्हणे. इशारा पातळी ३९, धोका ४३. रविवारी दीर खरेदी करतील, पण पुढच्या आठवड्यात कोल्हापुरात पोचतील का ते बघा आधी.

जुनाट_पण_सुंदर | बुधवार, रात्री १०:४४

२०१९ ला आमच्या पहिल्या मजल्याच्या पायरीपर्यंत आलं होतं. पुराचा वेगळा धागा आहे, तिथे लिहा.

गेमर_बाबा | गुरुवार, सकाळी ९:००

घेतलाच तर एक सेटिंग विसरू नका. पालकांसाठी निन्टेन्डोचं फोनवरचं अ‍ॅप आहे, त्यात रोजची वेळ ठरवता येते. पण वेळ संपली की मुळात नुसती सूचना येते, गेम चालूच राहतो. गेम थांबवण्याचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. बऱ्याच जणांचं तिथेच फसतं. आणि गेमची कार्डं नखाएवढी असतात, त्यांना मुद्दाम कडू चव दिलेली असते, पोरांनी गिळू नयेत म्हणून. आमच्या धाकटीने चाटून खात्री केली.

रंकाळावासी | शनिवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. सापशिडी खेळलो. हरला, फुगून बसला, मग स्वतःच ‘परत’ म्हणाला. त्यात चिडले ते सासरे. पण रात्री फोन काढून घेतला तर ताट सरकवलं, रडून घर डोक्यावर घेतलं. हेडशॉटचं विचारलं तर म्हणाला, ‘खोटं असतंय गं ते, दादाचं माणूस परत उठतंय.’ तेवढा प्रश्न सुटला.

दिरांना सांगितलं, आणा, मारिओ कार्टचं कार्डही आणा. पण मुलाला आत्ता सांगायचं नाही. आधी जेवणाचा फोन सुटला पाहिजे, डबा तोवर माझ्या कपाटात. नंतर फक्त शनिवार-रविवार, नवरा शेजारी बसणार, तीन शर्यती. सासूबाईंशी गोडीनं बोलले. त्या म्हणाल्या, मग दुपारी तू येऊन भरव. नवऱ्याने डबा दुपारी न उघडण्याचं कबूल केलंय, किती पाळतो बघू. जाऊबाईंना अजून फोन केलेला नाही, तो उद्या.

एकच_कप_चहा | शनिवार, रात्री १०:३२

तीन शर्यतींच्या तीस व्हायला वेळ लागत नाही. शुभेच्छा.

आजी_ऑनलाईन | शनिवार, रात्री १०:४०

दुपारचं मी सांगू का तुझ्या सासूला? राहते कुठे ती, रंकाळ्याच्या कुठल्या बाजूला?

नवीन_सभासद_कागल | रविवार, सकाळी ६:५०

दुबईचा चार्जर तीन चौकोनी पिनांचा असतो, आपल्या बोर्डात बसत नाही. व्होल्टेजची काळजी नको, तो १०० ते २४० पर्यंत चालतो. नुसता पिन बदलायचा सॉकेट घ्या, इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो.

रंकाळावासी | रविवार, सकाळी ७:२०

पिनांचं कुणी विचारलंच नव्हतं हो. पण बरं झालं सांगितलंत, दिरांना आत्ताच कळवते.