वालारांची चूक नेमकी कुठे झाली? एल्फांना बोलावण्यात, मेल्कोरला सोडण्यात, की चूक त्यांची नव्हतीच?

अरण्यवाट (मूळ लेख)

टोल्किनच्या जगाचा इतिहास म्हणजे एकामागून एक कोसळणारी राज्यं. त्याचं खापर आपण मेल्कोरवर, म्हणजे पुढच्या मॉरगॉथवर, फोडतो आणि मोकळे होतो. मेल्कोर दुष्ट होताच, त्यात वाद नाही. पण ज्यांच्यावर हे जग राखायची जबाबदारी होती, त्यांच्या निर्णयांचा हिशोब कोणी मांडायचा?

'द सिल्मारिलियन' (1977) न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: एरू हा एकमेव निर्माता. त्याने आधी आयनूर घडवले आणि त्यांच्या गायनातून जगाचा आराखडा उमटला. जे आयनूर जगात उतरले त्यांतले मोठे ते वालार, धाकटे ते मायार. वालार चौदा, सात स्वामी आणि सात स्वामिनी. मेल्कोर मुळात त्यांच्यातलाच आणि सर्वांत बलवान, पण पुढे गणतीतून वगळलेला.

माझं म्हणणं असं की मूळ चूक एल्फांना, म्हणजे एरूने घडवलेल्या अमर वंशाला, मध्यपृथ्वीतून वालिनोरला, म्हणजे समुद्रापलीकडच्या वालारांच्या भूमीत, बोलावण्याची. मेल्कोरला तीन युगांसाठी साखळदंडात जखडल्यावर वालारांची सभा भरली. जलाचा स्वामी उल्मो याने विरोध केला. एल्फांना मध्यपृथ्वीतच मोकळं राहू द्या, त्यांच्या अंगच्या कौशल्याने ते त्या भूमीच्या जखमा भरून काढतील, असं त्याचं मत होतं. बाकीच्या बहुतेकांना एल्फांची काळजी वाटली आणि त्यांच्या सौंदर्याचा मोहही पडला. बोलावणं गेलं. या बोलावण्यातून पुढे अनेक दुःखं निपजली, असं ग्रंथातच स्पष्ट लिहिलेलं आहे.

पुढची साखळी बघा. बोलावलं म्हणून एल्फ कारागीर फेअनोर वालिनोरमध्ये जन्मला. तिथे दोन वृक्षांचा प्रकाश होता म्हणून तो साठवणारे सिल्मारिल हे मणी त्याच्या हातून घडले. मेल्कोरही तिथेच सुटून आला होता म्हणून त्यांची चोरी आणि फेअनोरच्या वडिलांचा खून झाला. मग ते परत मिळवण्याची शपथ, आल्क्वालोंदेच्या धक्क्यावर एल्फांनी एल्फांचं सांडलेलं रक्त, आणि सहा शतकांचं युद्ध. ज्या भूमीच्या जखमा भरायच्या होत्या ती मात्र तशीच अंधारात राहिली.

सह्यकडा

असहमत. या मांडणीत सुरुवातीचा काळच गळला आहे.

'ॲनल्स ऑफ अमान'च्या कालगणनेत एल्फ 1050 साली जागे झाले आणि ओरोमे या वालाराला ते सापडले 1085 साली. ही वालारांची वर्षं, आणि त्या गणनेत एक वर्ष म्हणजे आपली 9.582 वर्षं. म्हणजे सुमारे 335 सौरवर्षं एल्फ, जिथे जागे झाले त्या कुइव्हिएनेन सरोवराच्या काठी, एकटे होते आणि तेवढ्या काळात मेल्कोरला त्यांचा पत्ता लागलेला होता. जे टोळीपासून लांब भटकले ते परत आले नाहीत. एक काळा घोडेस्वार येतो ही भीती त्यांच्यात इतकी मुरली होती, की खुद्द ओरोमे घोड्यावरून आला तेव्हा कित्येक जण लपून बसले. पकडलेल्या एल्फांपासूनच मेल्कोरच्या फौजेतले ऑर्क निपजवले गेले, असं एरेस्सेआ या एल्फांच्या बेटावरचे ज्ञानी मानत. हे सगळं डोळ्यांसमोर असताना 'इथेच राहा' असं कुठल्या तोंडाने सांगायचं होतं?

शिवाय बोलावणं म्हणजे सक्ती नव्हे. आधी इंग्वे, फिन्वे आणि एल्वे हे तीन दूत वालिनोर पाहून आले आणि मग ज्याने त्याने आपलं ठरवलं. बोलावणं नाकारणारे एल्फ, म्हणजे आवारी, गेलेच नाहीत. वाटेत मिस्टी माउंटन्सपाशी काही जण मागे फिरले. त्यांच्यावर कोणी राग धरला नाही.

आणि तुमची साखळी पुढे नेऊ. मॉरगॉथला त्याच्या अंगबांद या किल्ल्यात सुमारे 400 वर्षं वेढा घालून कोणी कोंडलं? वालिनोरमध्ये शिकून आलेल्या नोल्डोर एल्फांनी, म्हणजे फेअनोरच्याच कुळाने. औले या वालाराकडून शिकलेलं धातुकाम आणि त्या प्रकाशात वाढलेलं बळ पाठीशी नसतं, तर ड्रॅगन आणि बालरोग हे अग्निराक्षस यांच्यासमोर बेलेरियांड, म्हणजे मध्यपृथ्वीचा वायव्य भाग, पहिल्या दशकातच पडलं असतं.

अरण्यवाट

335 वर्षांचा हिशोब मान्य. पण त्यातून वालारांचा उशीर सिद्ध होतो, बोलावण्याचं समर्थन होत नाही.

राखण करायला घर हलवावं लागत नाही, याचा दाखला ग्रंथातच आहे. मेलियान ही एकटी मायार. तिने डोरियाथ या एल्फराज्याभोवती जादूचं कडं घातलं आणि ते जवळपास 500 वर्षं टिकलं. एक मायार एवढं करू शकते, तर चौदा वालारांनी त्यांच्या मायारांपैकी दहा-बारा जण कुइव्हिएनेनच्या काठी का ठेवले नाहीत? मेल्कोर तर तेव्हा कैदेत होता. 1100 ते 1400, म्हणजे आपली सुमारे 2,875 वर्षं मैदान मोकळं होतं. उल्मोचा सल्ला नेमका त्या काळासाठी होता.

सह्यकडा

मेलियानचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. ते कडं तिच्या आणि डोरियाथचा राजा थिंगोल याच्या लग्नाच्या आधारावर उभं होतं. थिंगोल मारला गेला, ती निघून गेली, आणि कडं त्याच घटकेला संपलं. काही वर्षांतच फेअनोरच्या मुलांनी डोरियाथ लुटलं. त्याआधीही ते अभेद्य नव्हतं. पोटात सिल्मारिल जळत असलेला लांडगा कारखारोथ ते फोडून आत घुसला होता. एका व्यक्तीच्या दुःखाने जी तटबंदी कोसळते, तिच्यावर अख्ख्या वंशाची भिस्त ठेवायची?

तळटीप

दोघंही 1977 ची आवृत्ती शेवटचा शब्द धरून बोलता आहात, म्हणून थोडं सविस्तर. टोल्किन 1973 मध्ये गेले. 'सिल्मारिलियन' त्यांच्या मुलाने, ख्रिस्तोफरने, गाय गॅव्हरिएल के यांच्या मदतीने वेगवेगळ्या काळच्या हस्तलिखितांतून जुळवलं. डोरियाथच्या नाशाचं प्रकरण तर बरंचसं त्या दोघांना नव्याने रचावं लागलं. त्यामुळे मेलियानचं कडं नेमकं कसं संपलं यावर मोठा इमला बांधू नये.

माझ्या मते खरा मुद्दा बोलावण्याचा नाही. वालारांनी मेल्कोरशी सरळ लढून त्याला कायमचं का संपवलं नाही, हा आहे. त्याचं उत्तर 'मॉरगॉथ्स रिंग' (1993) या खंडातल्या उत्तरकालीन टिपणांत मिळतं आणि ते कळलं की बाकीचे निर्णय वेगळे दिसू लागतात.

मेल्कोरचा सेवक सॉरॉन याने आपलं बळ एका अंगठीत साठवलं. अंगठी वितळली, सॉरॉन संपला. मेल्कोरने आपलं बळ साठवलं नाही, ते जगाच्या द्रव्यातच ओतलं. माती, खडक, धातू, प्राण्यांची शरीरं, सगळ्यांत त्याचा अंश मिसळला. म्हणून अख्खी मध्यपृथ्वी हीच त्याची अंगठी. याचे दोन परिणाम झाले. तो स्वतः झिजत गेला. जो आरंभी सर्व वालारांना भारी होता, त्याला पुढे एकटा एल्फराजा फिंगोल्फिन सात जखमा करतो आणि पायाला कायमचं अधू करतो. दुसरा परिणाम जास्त भयंकर. त्याला मुळापासून उपटायचं तर जग मोडावं लागणार होतं.

हे नुसतं तत्त्व नाही. क्रोधयुद्धात, म्हणजे वालारांच्या मॉरगॉथवरच्या शेवटच्या स्वारीत, ते प्रत्यक्ष घडलं. पहिल्या युगाच्या 545 ते 587 अशी बेचाळीस वर्षं वालिनोरचं सैन्य लढलं, मॉरगॉथला पकडून पोकळीत ढकललं, आणि त्या धक्क्यांनी बेलेरियांडचा बहुतेक भाग समुद्रात गेला. ज्यांना वाचवायला आले त्यांचंच घर बुडालं. वालारांचा राजा मान्वे आधी का थांबला, याचं उत्तर त्या बुडालेल्या जमिनीत आहे.

त्याच टिपणात आणखी एक बारकावा आहे. मेल्कोरचा अंश सगळीकडे सारखा नाही. सोन्यात तो विशेष, आणि पाणी त्यापासून जवळजवळ मुक्त. सॉरॉनची अंगठी सोन्याची असणं याच्याशी जुळतं. आता हा माझा तर्क: दर वेळी मदतीला उल्मोच का धावून येतो, तर त्याचं माध्यम पाणी. हात घातला तर मोडतोड होईल ही अडचण त्याला इतरांपेक्षा कमी होती. म्हणून 'उल्मो बरोबर, बाकीचे चूक' एवढं सोपं ते नाही.

पारिजात

द्रव्याचा मुद्दा उत्तम, पण त्याच्या आड सगळं लपत नाही. मेल्कोरला 1400 साली सोडलं ते कुठल्या द्रव्यामुळे? तो पाया पडला, गोड बोलला आणि मान्वेने विश्वास ठेवला. उल्मो फसला नाही, वालारांमधला योद्धा तुल्कास याच्या मुठी वळल्या. 1450 ला सिल्मारिल तयार झाले आणि 1495 ला दोन्ही वृक्ष मेले.

यापेक्षा मला जास्त खटकतो तो निष्काळजीपणा. मेल्कोरला पकडताना त्याचा उतुम्नो हा किल्ला फोडल्यावर तिथली सगळी भुयारं तपासली नाहीत. बालरोग निसटले, सॉरॉन सापडला नाही. बरं, एकदा झालं. क्रोधयुद्धानंतर तोच सॉरॉन मान्वेचा दूत एओन्वे याच्यापुढे शरण आला. एओन्वे म्हणाला, माझ्या बरोबरीच्याला माफ करायचा अधिकार मला नाही, तू वालिनोरला जाऊन न्याय घे. आणि त्याला तसाच सोडला! सोबत पहारा नाही, बेडी नाही. अपमान नको म्हणून सॉरॉन गेला नाही, लपून राहिला. दुसऱ्या युगाच्या सुमारे 1000 साली त्याने मॉर्डोर निवडलं, 1600 च्या आसपास अंगठी घडवली, 1697 ला एरेगिऑन हे एल्फराज्य जाळलं. हे सारं एका न घातलेल्या बेडीपायी.

वालिनोरची दारं बंद केली त्याचं काय? पर्वत उंच केले, समुद्रात भुलवणारी बेटं पेरली. निर्नाएथच्या लढाईत एल्फ हरल्यानंतर (पहिलं युग, 472) सात जहाजं मदत मागायला निघाली. त्यांतून एकटा व्होरोन्वे जिवंत परतला, तोही उल्मोमुळे. शेवटी दर्यावर्दी एआरेन्दिल मदत मागायला पोचला तोवर गोंदोलिन, डोरियाथ, नार्गोथ्रोंड या एल्फराज्यांपैकी काहीच उरलं नव्हतं.

तळटीप

बेडीबद्दल आणि भुयारांबद्दल सहमत, तिथे बचाव करता येत नाही.

सुटकेबद्दल मात्र नाही. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ओसान्वे-केंता' या टिपणात टोल्किनने हाच आक्षेप घेऊन उत्तर दिलं आहे. तीन युगांची शिक्षा संपल्यावर विचार करू, हा शब्द मान्वेने दिलेला होता. नुसत्या संशयावरून तो मोडणं, किंवा मेल्कोरच्या मनात बळाने शिरून पाहणं, म्हणजे मेल्कोरच्याच वाटेवर पाऊल टाकणं. समोरच्याने मनाचं दार लावलं तर ते फोडायचं नाही हा नियम एरूचा, आणि तो मान्वेने पाळला म्हणूनच तो राजा. तो भोळा होता म्हणून फसला, असं वाचलं की या निर्णयाची किंमत कळत नाही. निकाल काय लागणार हे माहीत नसताना त्याने शब्द पाळला.

पारिजात

शब्द पाळा, पण सोडल्यावर लक्ष ठेवा! वालिनोरमध्येच मोकळा हिंडू दिला, नोल्डोरांच्या दारोदार जाऊन कान भरू दिले. नियम मोडायची गरजच नव्हती.

सह्यकडा

न्यूमेनोरचा, म्हणजे वालारांनी माणसांना दिलेल्या बेटाचा, विषय अजून निघाला नाही म्हणून मीच काढतो, कारण वालारांवर सर्वांत अन्याय्य आरोप तिथेच होतो. पश्चिमेकडे स्वतःचा किनारा दिसेनासा होईल इतक्या लांब जहाज न्यायचं नाही, ही बंदी अमरत्व दडवून ठेवण्यासाठी नव्हती. मर्त्य माणसाला अमर करणं वालारांच्या हातातच नव्हतं. मृत्यू ही माणसांना एरूने दिलेली देणगी. अमरांच्या भूमीने कोणी अमर होत नाही. उलट प्रखर ज्योतीपाशी पतंग जसा लवकर संपतो तसा मर्त्य जीव तिथे लवकर थकेल, हे मान्वेच्या दूतांनी तार-आतानामीर राजाला समजावून सांगितलं होतं. ऐकलं नाही तो दोष राजाचा.

पारिजात

मग बेट कुठे उभारलं ते सांगा. दोन्ही किनाऱ्यांपासून दूर, पण वालिनोरला अधिक जवळ. स्वच्छ दिवशी मेनेल्तार्माच्या शिखरावरून तीक्ष्ण डोळ्यांच्या माणसाला एरेस्सेआचा शुभ्र मनोरा दिसायचा. त्यात आयुष्य लांबवलेलं, तिथला पहिला राजा एल्रोस 500 वर्षं जगला. ज्याला 70 वर्षं मिळतात तो मरणाशी तडजोड करतो. ज्याला काही शतकं मिळतात त्याला वाटतं, अजून थोडं का नाही? त्या थोड्याचा पत्ता रोज डोळ्यांसमोर, आणि तिथे जायला बंदी. सॉरॉनला दुसऱ्या युगाच्या 3262 मध्ये कैदी म्हणून आणलं, आणि 3319 मध्ये राजा आर-फाराझोनचं आरमार वालिनोरकडे निघालं. सत्तावन्न वर्षांत त्याला सगळं साधलं, कारण बी आधीच पेरलेलं होतं.

खडूफळा

निम्मा वाद मराठीत 'देव' हा शब्द डोक्यात ठेवल्यामुळे होतो आहे. आपल्याला देव म्हटलं की सृष्टी, स्थिती, लय आठवतात. वालार या शब्दाचा अर्थ आहे 'सामर्थ्यवंत'. माणसं त्यांना देव म्हणत आली असंच टोल्किन लिहितो, स्वतःच्या तोंडी तो शब्द जपून घेतो. आपल्याकडचा जवळचा शब्द लोकपाल. आपल्या दिशेचा, आपल्या तत्त्वाचा कारभार बघणारा, वरून नेमलेला. मान्वेकडे वारा, उल्मोकडे जल, औलेकडे भूद्रव्य. आयनूरांच्या गायनातला एल्फ आणि माणसं हा भाग एकट्या एरूचा होता, वालारांनी तो रचला नव्हता. म्हणून एल्फांबद्दल ते अंदाजाने वागतात आणि माणसांबद्दल तर चाचपडतात.

न्यूमेनोरचं आरमार अमानच्या, म्हणजे वालिनोर ज्या खंडात आहे त्याच्या, किनाऱ्याला लागलं तेव्हा त्यांनी काय केलं? लढले नाहीत. जगावरचा आपला अधिकार खाली ठेवला आणि एरूला हाक मारली. बेट बुडवणं आणि सपाट जग गोल करणं हे एरूचं काम. माणसांवर हात उचलायचा अधिकार आपला नाही, एवढं भान त्यांना होतं. शासनकर्ते म्हणून ते कमी पडले असतील, पण मर्यादा त्यांनी ओलांडली नाही.

अरण्यवाट

लोकपाल हा शब्द मी इथून पुढे वापरेन. त्याने माझा आक्षेप बदलतो, जात नाही. नेमलेल्या कारभाऱ्याला उलट जास्त जाब विचारता येतो.

त्यांना स्वतःलाही चूक उमगली होती असं मला वाटतं, आणि पुरावा इस्तारी, म्हणजे गंडाल्फसारखे जादूगार. तिसऱ्या युगाच्या 1000 सालाच्या आसपास पाच मायार पाठवले, म्हाताऱ्यांच्या देहात, भूक आणि थकवा लागेल अशा. अट अशी की सॉरॉनच्या बळाला बळाने उत्तर द्यायचं नाही, भीती दाखवून राज्य करायचं नाही. म्हणजे एल्फांना उचलून न्यायचं नाही, दारं लावून बसायचं नाही, आणि सैन्य धाडून जमीनही बुडवायची नाही. उल्मोने त्या सभेत जे मागितलं होतं तेच शेवटी केलं, फक्त काही हजार वर्षं उशिरा.

तळटीप

इस्तारींबद्दल 1954 च्या एका पत्रात टोल्किन काय म्हणतो तेही जोडा. ही योजना वालारांची, शहाणपणाची, पण ती फसत आली होती. सारुमान फितूर झाला, राडागास्ट पशुपक्ष्यांत रमला, दोन निळे पूर्वेकडे जाऊन दिसेनासे झाले, आणि उरलेला गंडाल्फ तिसऱ्या युगाच्या 25 जानेवारी 3019 ला बालरोगाला मारून स्वतः मेला. त्याला परत पाठवलं ते वालारांनी नाही. त्यांची योजना कोसळत असताना वरच्या सत्तेने ती हातात घेतली आणि मोठी केली.

पारिजात

आणि ज्या बालरोगाने त्याला मारलं, तो मॉरगॉथच्याच जुन्या फौजेतला. क्रोधयुद्धातून निसटून मोरिया या बुटक्यांच्या भुयारी नगरीच्या मुळाशी दडलेला.