गणपतीच्या मांडवात संमोहनाचा प्रयोग ठेवावा की नको?

फिरता_प्रयोग:
अठरा वर्षं झाली मी संमोहनाचे प्रयोग करत फिरतोय. गणपती, नवरात्र, डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंग, मग जत्रा. यंदा एका मंडळाने ठरलेली सुपारी ऐनवेळी रद्द केली, कमिटीतला एकजण म्हणाला हा गावातल्या माणसांची थट्टा करायचा धंदा आहे. पैशाचं सोडा, पण ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून विचारतो.

मी करतो काय ते सांगतो. आधी अख्ख्या मांडवाला बोटं गुंफायला लावतो आणि म्हणतो आता ती चिकटली, सुटणार नाहीत. ज्यांची खरंच सुटत नाहीत ते वर येतात, तीस-चाळीस असतात, त्यातले आठ-दहा ठेवतो, बाकीच्यांना टाळ्या देऊन खाली पाठवतो. यात मंत्र नाही की नजर नाही. सूचना चटकन घेणारी माणसं हेरायची, एवढंच कसब. वर्गात तोंड न उघडणारी पोरगी माइक धरून अख्खं गाणं म्हणते आणि खाली तिची आई रडते, हे मी बघितलंय. याला थट्टा म्हणायचं?

पायरीवरची:
मी म्हणते, हो. मी नववीत होते, आमच्या आळीच्या गणपतीत असाच प्रयोग होता (तुमचा नव्हे), बाबांना कच्चा कांदा सफरचंद म्हणून खायला दिला, त्यांनी तो आवडीने खाल्ला आणि सगळा मांडव लोटपोट. दुसऱ्या दिवसापासून बाबा "सफरचंद". बाजारात, एसटी स्टँडवर, माझ्या शाळेत सुद्धा. तो माणूस त्याच रात्री सामान गाडीत टाकून पुढच्या गावाला गेला, आम्ही तिथेच राहिलो ना.

ढोलपथक_९६:
ताई वाईट वाटलं वाचून, पण काका स्वतःच वर गेले होते ना?

पायरीवरची:
चार पोरांनी "काका चला काका चला" करत दंडाला धरून ओढलं आणि अख्खा मांडव टाळ्या वाजवत होता. अशा वेळी नाही म्हणून दाखवा.

जुना_कार्यकर्ता:
मी अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम केलंय त्यामुळे माझं मत जरा वेगळं आहे. प्रयोग करणारा जर नीट सांगत असेल की हे सूचनेने होतं, तर अंगात येणं म्हणजे काय हे लोकांना दहा भाषणांपेक्षा लवकर कळतं. चमत्काराच्या नावाने फसवणाऱ्याला 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण लोकांना आधी कळलं तर पाहिजे. मला राग येतो तो प्रयोग संपल्यावर "स्मरणशक्ती वाढवा, व्यसन सोडवा" म्हणून शिबिराच्या पावत्या फाडणाऱ्यांचा. आणि ती दोन खुर्च्यांवर माणूस फळीसारखा ठेवून वर उभं राहायचं, ते बंदच करा. साधा जागा माणूसही अंग ताठ करून तसा राहू शकतो, त्यात संमोहन लागतच नाही, मग कुणाच्या पाठीशी खेळ कशाला.

क्लिनिकवाली:
मी मानसोपचारात संमोहन वापरते. इतिहास बघा, 1841 मध्ये मँचेस्टरला जेम्स ब्रेड नावाचा सर्जन असाच स्टेजवरचा प्रयोग बघायला गेला, ढोंग उघडं पाडायचं म्हणून, आणि स्टेजवरच्या माणसाचे डोळे खरंच उघडत नाहीत हे बघून स्वतः अभ्यासाला लागला, "हिप्नॉटिझम" शब्द त्यानेच रूढ केला. इकडे बंगालात हुगळीला 1845 पासून जेम्स एस्डेल त्याच काळातल्या मेस्मेरिझमने (संमोहनाचं आधीचं रूप) भूल देऊन ऑपरेशनं करत होता, तेव्हा ईथर आलं नव्हतं. म्हणजे स्टेजला मी तुच्छ मानत नाही.

पण एक गैरसमज मोडला पाहिजे. स्टेजवरचा माणूस झोपलेला नसतो, शुद्धीत असतो, आणि बहुतेकांना झालेलं सगळं नंतर आठवतं. पायरीवरची यांच्या बाबांनाही आठवत असणार. इंग्लंडमध्ये 1952 पासून कायदा आहे, जाहीर प्रयोगाला स्थानिक परवानगी लागते आणि 18 च्या खालच्याला स्टेजवर घेता येत नाही. आपल्याकडे गॅदरिंगला आठवीची पोरं वर.

फिरता_प्रयोग:
लहान मुलांचं मी मानणार नाही, माफ करा. मुलं सगळ्यात पटकन खुलतात आणि शाळांचे प्रयोग गेले तर माझे निम्मे दिवस गेले, हेही खरं आहे, लपवत नाही.

पण बाबांचं वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही. एक आतली गोष्ट सांगतो. प्रयोग आठला म्हणतात, आरती, पाहुण्यांचे सत्कार, भाषणं होऊन नऊला हातात माइक येतो आणि दहाला लाउडस्पीकर बंद. मग शेवटचं उठवणं, जे एकेकाशी बोलून, डोळ्यात बघून, नाव विचारून करायचं असतं, ते दोन मिनिटांत उरकतं आणि माणूस हसणाऱ्या गर्दीतून तसाच खाली उतरतो. मी सुद्धा असं केलंय. तुमच्या बाबांजवळ त्या रात्री कुणी बसलं होतं का?

पायरीवरची:
नाही. आईने हात धरून घरी आणलं, वाटेत ते एक अक्षर बोलले नाहीत. अजून आरतीला येतात, पण मागच्या रांगेत, चपलांजवळ उभे राहतात. मुलांचं तुमचं पटलं नाही मला. कांदा मात्र काढा.

फिरता_प्रयोग:
काढला.