नोंदी झाल्या, आता पुढे?

झाडांच्या वर्षभराच्या नोंदी जमल्यात, आता मुलांकडून त्यांचं काय करून घ्यायचं, हा शाळांतल्या शिक्षकांचा प्रश्न. लगेच एक्सेलकडे पळू नका. आधी चौकटींचा कागद घ्या. एका झाडाला एक आडवी ओळ, एका आठवड्याला एक चौकोन. सीझनवॉचमध्ये (झाडांच्या ऋतुबदलांच्या नोंदी ठेवायचा देशभरचा उपक्रम) पानं, फुलं, फळं ‘नाहीत, थोडी, भरपूर’ अशीच नोंदवतात. त्यांना तीन छटा द्या. कुठली काजू आधी मोहरली, कुठली मागे राहिली, हे पोरांना नुसतं बघून कळतं आणि वाद सुरू होतात. होऊ द्यात, खरा अभ्यास तोच.

एक मात्र कटाक्षाने सांभाळा. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीत झाडाकडे कुणी फिरकलंच नसेल तर तो चौकोन कोराच राहू दे. तिथे ‘नाहीत’ भरलं की सगळा हिशेब बिघडला. आणि एका वर्षाच्या नोंदींवरून ‘हवामान बदललं’ असं ठोकून देऊ नये, हेही सांगाच.

शाळा किनाऱ्याकडची असेल तर गोव्याच्या आतल्या, डोंगराकडच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या शाळेशी तक्ते अदलाबदल करा. दोन्हीकडची भिरंडं (कोकमाची झाडं) तक्त्यांवर शेजारीशेजारी लावून बघता येतील. पालकसभेतही टांगा. कुळागरवाले (सुपारी-नारळाची बाग राखणारे) आजोबा चुका काढतीलच, त्या मुलांना लिहून घेऊ द्या.