अनुभव धागा: नोंदवहीत खंड का पडतो?

जूनचे पहिले दोन आठवडे सुंदर अक्षरात भरलेले. मग तीन-चार सुटे दिवस, मग थेट गणपतीनंतरची एखादी ओळ, आणि पुढे कोरी पानं. पावसाची, गोठ्याची, घरखर्चाची, कुठलीही वही घ्या, हेच दिसतं. लिहिणाऱ्याला जाण आहे हे पहिल्या पानांवरूनच कळतं, म्हणून वाचणाऱ्याचा जीव जास्त हळहळतो. ज्यांच्या वह्या वर्षानुवर्षं चालतात त्यांनी नेमकं काय करता ते लिहा. स्वतःची कहाणी नको, कृती सांगा.

पाऊसमोजणी, कोकण
मोजायची वेळ ठरलेली नसेल तर ही वही टिकत नाही. हवामान खातं सकाळी 8:30 ला मोजतं, तीच वेळ धरा. पर्जन्यमापकाच्या तोंडाचं क्षेत्रफळ 200 चौरस सेंटिमीटर असेल तर 20 मिली पाणी म्हणजे 1 मिमी पाऊस. 100 असेल तर 10 मिली. हे पुठ्ठ्यावर ठळक लिहून ठेवा, रोज नव्याने हिशेब करायला लागला की माणूस कंटाळतो. वही मापकाकडे जायच्या दारामागे टांगा, सोबत दोरीने बांधलेली शिसपेन्सिल. ओल्या हाताने उघडलेल्या वहीत शाई फुटते.

सगळ्यात मोठी चूक शून्य न लिहिण्याची. 0 म्हणजे मोजलं, पाऊस नव्हता. रिकामा चौकोन म्हणजे मोजलंच नाही. उघडीप लांबली की शून्य लिहायचा आळस होतो आणि नंतर दोन्ही सारखेच दिसतात. मग पावसाळी दिवस (2.5 मिमी किंवा जास्त) मोजायला बसलं की अख्खा महिना संशयात जातो.

तीन दिवस परगावी गेलात तर परतल्यावर साचलेलं पाणी मोजा, तिन्ही चौकोनांना मिळून एक कंस घाला आणि एकच आकडा लिहा. तिनाने भागून भरू नका, ती बनावट नोंद होते. मापकातली बाटली भरून वाहिली असेल तर आकड्यापुढे 'किमान' लिहा.

गोठा, पश्चिम महाराष्ट्र
आमच्याकडे खंड पडला तर थेट दुधाला फटका बसतो. गायीचा गाभणकाळ साधारण 280 दिवसांचा, म्हशीचा 310. गायीला 1 जूनला रेतन (गाभण राहण्यासाठी वीर्य भरणं) केलं तर वेत, म्हणजे गाय विणं, 8 मार्चच्या आसपास, आणि 60 दिवस आधी, म्हणजे 7 जानेवारीला, दूध काढणं थांबवून आटवायची. रेतनाची तारीख लिहिलेली नसेल तर गाय वेतापर्यंत पिळली जाते, कासेला विश्रांती मिळत नाही आणि पुढच्या वेताचं दूध घटतं.

गोठ्यात वही नेऊच नका, शेणामुतात ती आठवडाभरही टिकत नाही. भिंतीवर फळी लावा. जनावराचा बिल्ला नंबर, माज, रेतन, तपासणी एवढेच रकाने. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन. दिसल्या दिसल्या खडूने वेळ टाका. 21 व्या दिवशी उलटली का, म्हणजे पुन्हा माजावर आली का, ते बघायचं असतं, म्हणून ती तारीखही लगेच पुढे लिहून ठेवा. रविवारी फळीवरून वहीत उतरवा. रोज वही भरायचा हट्ट धरलात तर दोन्ही बंद पडतील.

वार्ताफलक लिहिणारा
चौकातला फळा शिळा झाला की लोक तिकडे बघणं सोडतात, मग ताजं लिहूनही उपयोग होत नाही. नवी बातमी नसली तरी संध्याकाळी फळा पुसायचाच. कोपऱ्यात तारीख आधी, मजकूर नंतर. रंगीत खडू साखरेच्या पाण्यात दहाएक मिनिटं भिजवला तर रंग खुलतो, हात लागून पुसटत नाही. पण तो कोरड्या डस्टरने निघत नाही, ओलं फडकं लागतं. ते जवळ नसलं की जुन्यावरच नवं लिहिलं जातं.

घरखर्च
छापील तारखांची डायरी घेऊ नका. चार पानं कोरी गेली की हात पुढे सरत नाही. साधी दोनशे पानी घ्या, तारीख हाताने घाला. दुकानातल्या गुळगुळीत पावत्या चिकटवून ठेवू नका, अक्षरं उडतात. आकडा त्याच दिवशी उतरवा.

प्रश्न
रात्री दोनला पडलेला पाऊस कुठल्या तारखेला लिहायचा? आणि दोन वर्षं बंद असलेली वही सुरू करायची तर नवी घ्यावी का?

पाऊसमोजणी, कोकण
ज्या सकाळी मोजला त्या तारखेला. सांताक्रूझचा 2005 चा 944 मिमी पाऊस आपण 26 जुलैचा म्हणतो, पण तो 27 जुलैच्या सकाळी 8:30 ला संपलेल्या 24 तासांचा आहे. कधी कालची, कधी आजची तारीख घातलीत तर शेजारच्या केंद्राशी ताळा जुळणार नाही.

गोठा, पश्चिम महाराष्ट्र
नवी नको. शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ मारा, 'या तारखेपासून या तारखेपर्यंत नोंद नाही' असं लिहा आणि त्याच पानावर आजची नोंद करा. जुन्या गायींची वेतं त्याच वहीत आहेत, आणि कालवडीची आई कोण हे शोधायला तीच उघडावी लागते.